एकाच शिवारात दोन जातीचे पाथर कसे? (विहीर अर्धी राहिली आहे, जाणकारांनी बोला)

धुऱ्यावरचा (धागालेखक)
मंडळी, नमस्कार. प्रश्न साधा आहे, पण गावात सात जणांना विचारला तर आठ उत्तरं मिळाली, म्हणून इथं टाकतो.

आमचं गाव वरोरा तालुक्यात. दोन वावरं, मधात जेमतेम एक किलोमीटर. एक टेकाडाच्या अंगाला, दुसरं खाली नाल्याला लागून. खालच्या वावरात आजोबांच्या वेळची विहीर आहे. तिच्यात पिवळसर, खरखरीत पाथर, वाळू दाबून गोळा केल्यासारखा. खिळ्यानं खरवडला की रेती सुटते. भर उन्हाळ्यात मोटर दोन तास चालते.

यंदा वरच्या वावरात विहीर खंदायला घेतली. पाच फूट काळी माती, मग मुरूम, मग काळा कुट्ट पाथर. सब्बल मारली की ठिणगी उडते. एकतीस फूट झाले, पाणी नावाला. सुरुंगाचा खर्च ऐकून आईनं बोलणं सोडलं आहे. पाणाड्याच्या हातावरचा नारळ मात्र तिथंच उभाच्या उभा झाला होता.

शाळेत अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित हे पाठ करून मार्क घेतले होते. पण हे एका किलोमीटरात बदलतं कसं? आणि पोटाचा प्रश्न: अजून खोल जाऊ की थांबू?

उंटावरचा_शहाणा
नारळ उभा राहिला म्हणजे पाणी आहेच. नारळात.

पऱ्हाटीवाली
शहाणे भाऊ 😂 पण धुऱ्यावरचे दादा, आमच्या दर्यापूरकडे या, तुमचं दुःख विसराल. आमच्याकडे पाथरच लागत नाही. शंभर, दोनशे फूट नुसता गाळ. आणि पाणी लागलं तरी खारं. खारपाणपट्टा म्हणतात तो हाच. त्या पाण्यावर ओलित केलं तर दोन वर्षांत जमीन चोपण होते. काळा का पिवळा असेना, दगड बघायला लेकरांना चिखलदऱ्याला न्यावं लागते.

निवृत्त_मास्तर
धुऱ्यावरचे, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही स्वतःच अर्धं दिलं आहे: 'वरचं' वावर आणि 'खालचं' वावर. त्यावर सवडीनं लिहितो. आधी काळ्या पाथराबद्दल.

हा बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा बाहेर आला आणि पसरत गेला. चित्रातल्यासारखा शंकूचा डोंगर डोक्यात आणू नका. ताटात पातळ पिठलं ओतल्यावर ते जसं कडेपर्यंत धावतं, तसं समजा. एक थर थिजला की काही काळानं दुसरा. आज उरलेला पसारा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. सह्याद्रीकडे त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते आणि पूर्वेकडे येता येता तो पातळ होत जातो. नागपूरची सीताबर्डीची टेकडी काळ्या पाथराची आहे. शहर ओलांडून पूर्वेला गेलात की तो संपतो. वरोरा तालुकाही असाच काठावरचा. तुमचं वरचं वावर ताटाच्या कडेवर आहे.

डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते या थरांमुळंच. 'ट्रॅप' हे नाव स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दावरून आलं.

भूक_लागली
पिठल्याचा उल्लेख केल्याबद्दल मास्तरांचा निषेध. इथं मेसमध्ये आज पुन्हा दुधी आहे.

खदानवाला_भंडारा
मास्तरांनी काळ्या पाथरावरच सगळं थांबवू नये. विदर्भ म्हणजे फक्त वऱ्हाड नव्हे. आमच्या भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे या. काळी माती शोधावी लागेल. इथं ग्रॅनाइट आणि पट्ट्यापट्ट्यांचा नाईस. ठिपक्यांचा दगड असतो ना, गुलाबी-पांढरा-काळा, तो ग्रॅनाइट. तोही अग्निजन्यच, पण जमिनीच्या पोटात खोल थिजलेला.

पऱ्हाटीवाली
मग दोन्ही वितळलेल्या रसाचेच, तर एक काळा गुळगुळीत आणि एक ठिपक्यांचा, असं काऊन?

मास्तरीणबाई
ताई, तूप कढवता ना? कढवलेलं तूप चुलीशेजारी झाकून हळूहळू निवू दिलं तर रवाळ होतं, कणी छान धरते. तेच घाईत फ्रीजमध्ये ठेवलं तर नुसता गुळगुळीत गोळा. दगडाचं तसंच. उघड्यावर पसरलेला लाव्हा पटकन थिजला, स्फटिकांना वाढायला वेळच मिळाला नाही, म्हणून बेसाल्टचे कण डोळ्यांना दिसत नाहीत. ग्रॅनाइट वरच्या खडकांच्या पांघरुणाखाली अतिशय सावकाश थंड झाला, म्हणून त्याचा रवा डोळ्यांनी मोजता येतो. रंगाचं कारण वेगळं: ग्रॅनाइटमध्ये गारेचा (क्वार्टझ या खनिजाचा) अंश जास्त म्हणून तो फिका, बेसाल्टमध्ये लोह-मॅग्नेशियम जास्त म्हणून तो काळा आणि वजनदार.

सातवीच्या वर्गात मी दोन वाट्या तूप घेऊन जायचे. धडा संपेपर्यंत वाट्या रिकाम्या.

पऱ्हाटीवाली
हे बरोबर डोक्यात बसलं. शाळेत असं सांगितलं असतं तर कुठच्या कुठं असते मी.

नाना_हिंगणघाट
आमच्या बुढीचं म्हणणं होतं की दगड वाढतात. दरसाल नांगरटीआधी वावरातले धोंडे वेचून धुऱ्यावर टाका, पुढच्या साली पुन्हा तेवढेच. म्हणे जमीन धोंडे विते. मी पन्नास वर्षं वेचून रायलो, धुऱ्याची भिंत झाली. हे कसं काय?

उंटावरचा_शहाणा
नाना, धोंड्याच्या महिन्यात पेरणी केली असेल.

निवृत्त_मास्तर
नाना, बुढी चुकली नव्हती, फक्त कारण वेगळं आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हातभर खोल भेगा पडतात. दरसालच्या या फुगण्या-आक्रसण्यात खालचा धोंडा थोडाथोडा वर ढकलला जातो, आणि उरलेलं काम नांगर करतो. ही माती त्या काळ्या पाथराचीच झीज. मधला मुरूम म्हणजे अर्धवट कुजलेला पाथर. रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथं बघा, गोल गोटे कांद्यासारखे पापुद्रे सोडताना दिसतात.

गिरडचा_पोट्टा
गोट्यांचा विषय निघालाच तर आमचं गिरड कसं विसरता? समुद्रपूर तालुका. बाबा फरीदांची टेकडी. तिथले गोटे अगदी सुपारी, जायफळासारखे. कथा अशी की वाटेनं जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी बाबांची टिंगल केली आणि बाबांनी त्यांच्या मालाचे दगड केले. लहानपणी खिसे भरून आणायचो, आई घरात घेऊ द्यायची नाही.

मास्तरीणबाई
गिरडच्या टेकडीवर मीही गेले आहे, माथा टेकवून आले आहे, आणि एक गोटा फोडूनही पाहिला आहे (बाबा माफ करतील). लाव्ह्यात वायूचे बुडबुडे असतात, इडलीत जाळी पडते तसे. लाव्हा थिजला की ती पोकळी राहते. पुढं लाखो वर्षं गरम, क्षारयुक्त पाणी त्यातून झिरपत राहतं आणि पोकळीत झिओलाइट, गारगोटी, अकीक असं काहीबाही जमतं. सभोवतालचा पाथर झिजून गेला की आतला भरणा गोटीसारखा सुटा होतो. व्यापाऱ्यांची गोष्टही राहू द्या. तिच्यामुळंच लोक ते गोटे निरखून बघतात.

कोळशाचा_धूर
बाकी सगळं झालं, पण धुऱ्यावरच्या भाऊंच्या पिवळ्या पाथराचं कोणी बोलतच नाही. मी वणीला कोळसा खाणीत आहे. तुमच्या खालच्या विहिरीत जो लागला तो आम्ही रोज पाहतो. वाळूचा दगड, म्हणजे वालुकाश्म. आमच्याकडे कोळशाच्या वर तोच असतो, तो काढल्याशिवाय कोळसा दिसत नाही.

नद्यांनी वाळू आणली, एकावर एक थर साचले, वरच्या वजनानं खालचे दबले, कणाकणांमधून झिरपणाऱ्या पाण्यानं सिमेंटसारखं काम केलं, झाला दगड. मधात कुठं दलदलीचं जंगल गाडलं गेलं असेल तर त्याचा कोळसा. पंचवीस ते तीस कोटी वर्षांमागचं काम आहे हे. दगडाचा पापुद्रा उघडला की कधीकधी पानाचा ठसा मिळतो, लांबट, जिभेसारखा, मधली शीर ठसठशीत. ग्लोसोप्टेरिस म्हणतात. पहिल्यांदा मिळाला तेव्हा पाळी संपेपर्यंत डब्यात जपून ठेवला होता. भाजीचा डबा तसाच हातात.

तीच पानं आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, अंटार्क्टिकातही मिळतात, कारण तेव्हा हे सगळे भूभाग एकाला एक लागून होते. त्या जोडखंडाला जगभर गोंडवाना म्हणतात. गोंडांच्या मुलखाचं नाव आहे ते, आपल्या.

झाडीपट्टी
कोळसा भाऊ, शेवटच्या ओळीसाठी रामराम. माझ्या आजीला हे ऐकवलं. ती म्हणाली, "मंग भाडं देतात का ते?"

उंटावरचा_शहाणा
आजींना अध्यक्ष करा.

निवृत्त_मास्तर
कोळशाच्या धुरात भर घालतो. त्या थरांच्या अगदी तळाशी बर्फाची खूण आहे. पैनगंगेच्या काठी, इरई गावाजवळ, जुन्या चुनखडकावर समांतर ओरखडे आहेत. हिमनदी सरकताना तळातले दगड घासत गेले, त्याचे ते ओरखडे. १८७० च्या दशकात त्यांची नोंद झाली. तेव्हा आपला भूभाग दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ होता.

भूक_लागली
थांबा थांबा. चंद्रपुरात. बर्फ. मे महिन्यात ४७ अंशांत एसटीची वाट पाहिलेला माणूस म्हणून मी हे मानायला नकार देतो.

मेहकरकर
आमच्या लोणारचं नाव घेतल्याशिवाय हा धागा पूर्ण होणार नाही. काळ्या पाथराचा उगम म्हणजे लोणारचं विवर, असं आमच्या गावचे जाणते सांगतात. तो ज्वालामुखीचा तोंडवळाच आहे.

मास्तरीणबाई
नाही हो मेहकरकर. उलट आहे. लोणारचं विवर त्या काळ्या पाथरावर बाहेरून येऊन आदळलेल्या उल्केनं झालं. पाथर आधीचा, खड्डा फार नंतरचा. व्यास सुमारे १.८ किलोमीटर. पुरावा दगडातच आहे: तिथं मॅस्कलिनाइट सापडतं. प्रचंड दाबाचा धक्का बसल्यावर बेसाल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजाचं न वितळता जे काचेसारखं रूप होतं, ते. ज्वालामुखीत तसला धक्का नसतो.

मेहकरकर
जाणत्यांना सांगून पाहतो. ऐकतील असं वाटत नाही.

खदानवाला_भंडारा
आता रूपांतरितवर माझी पाळी, पंचवीस वर्षं मँगनीजच्या खाणीत काढली आहेत. मनसर, डोंगरी बुजुर्ग, चिखला हा आमचा पट्टा, पुढं बालाघाटपर्यंत जातो. मूळची ही समुद्रतळावरची गाळवट, मँगनीज मिसळलेली. ती खोल गाडली गेली, भाजली, चेपली, घड्या पडल्या. पण वितळली नाही, हे महत्त्वाचं. वितळली असती तर अग्निजन्य झाली असती. भाकरी आणि पीठ एकच, पण भाकरीचं परत पीठ होत नाही, तसं.

आमच्याकडच्या एका दगडाचं नावच गोंडाइट. मँगनीजचा गार्नेट आणि गार यांचा बनलेला. फर्मोर नावाच्या साहेबानं गोंडांच्या नावावरून ते ठेवलं. याच पट्ट्यात, देवलापारच्या अंगाला, चुनखडकाचा संगमरवर झालेला मिळतो. आणि वाळूच्या दगडाचा क्वार्टझाइट होतो. तो फोडला तर भेग कणांच्या मधून न जाता कणांना चिरून जाते, इतका एकजीव. धुऱ्यावरच्यांनी देवाचे आभार मानावे की त्यांच्या विहिरीत तो लागला नाही.

नाना_हिंगणघाट
चुनखडकावरून आठवलं. कोरपना-राजुऱ्याकडचे सिमेंटचे कारखाने ज्या चुनखडकावर चालतात, त्यात शंखशिंपले मुळीच दिसत नाहीत. मी पोराच्या लग्नाच्या निमित्तानं गेलो तेव्हा शोधले होते.

निवृत्त_मास्तर
कारण तो फार जुना आहे, शिंपल्यांचे प्राणी जगात यायच्या आधीचा. शिंपले हवे असतील तर नागपूरजवळ टाकळीला. लाव्ह्याच्या दोन थरांच्या मधात तळ्याचा गाळ अडकला आहे, त्यात गोड्या पाण्याच्या गोगलगायींचे शंख मिळाले. १८५० च्या दशकात स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यानं ते गोळा केले. ज्यांच्या नावाचं नागपुरात कॉलेज आहे तेच. १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना नाल्याच्या पुरात बुडून ते गेले. म्हणजे बघा, एक थर थिजल्यावर दुसरा येईपर्यंत इतका काळ गेला की तळी साचली, त्यात जीव वाढले.

वर्धेची_सून
दगड-दगड चाललंय तर एक घरगुती प्रश्न. माझ्या सासरी दळायची दोन जाती आहेत. एकाचं पीठ मऊसूत येतं, दुसऱ्याच्या पिठाला दाताखाली कचकच लागते. सासूबाई म्हणतात तुझा हात जड. हात दोन्ही जात्यांना तोच आहे!

नाना_हिंगणघाट
बाई, हात नाही, दगड. कचकच देतं ते वाळूच्या पाथराचं असेल. कण सुटतात त्याचे. जातं, पाटा, वरवंटा काळ्या घट्ट पाथराचाच हवा, आणि तोही बिनभोकाचा. वडार माणूस आधी हातोडीनं वाजवून पाहत असे. टणकन बोलला तर घ्यायचा, भद्द वाजला तर सोडून द्यायचा.

वर्धेची_सून
हा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवण्यात आला आहे. शांतता आहे.

धुऱ्यावरचा
सगळ्यांचे आभार, पण मास्तर, माझी विहीर एकतीस फुटांवरच उभी आहे.

बोअरवाला_अकोला
मी स्पष्ट सांगतो, काळ्या पाथरात पाणी नसते हा भ्रम आहे. आमचा निम्मा जिल्हा त्यावरच पितो. पण घट्ट पाथराच्या अंगात पाणी मुरत नाही, ते राहते भेगांत, जाळीदार थरात आणि दोन थरांच्या सांध्यात. भेट झाली तर झाली. म्हणून एकाच बांधावर एकाचं बोअर धो धो आणि शेजाऱ्याचं धूळ. त्यात पाणाड्याचा दोष नाही, गुणही नाही.

निवृत्त_मास्तर
बरोबर. आता धुऱ्यावरचे, तुमचं वावर. वालुकाश्म आधीचा, लाव्हा नंतर त्याच्यावर पसरला. म्हणजे तुमच्या दोन्ही वावरांखाली वालुकाश्म असण्याचा संभव दांडगा. नाल्यानं युगानुयुगं खरवडत खालच्या वावरावरचं काळं झाकण काढून नेलं, म्हणून तिथं वरच लागला. टेकाडाकडे झाकण अजून शाबूत आहे. दगड एका किलोमीटरात 'बदलला' नाही, फक्त एका ठिकाणी झाकण आहे आणि एका ठिकाणी नाही.

झाकणाखाली लगेच पिवळा पाथर लागेल असं मात्र नाही. तुमच्या तालुक्यात मधात बऱ्याच ठिकाणी लॅमेटाचे थर असतात. चुन्याचा अंश असलेली माती, पांढुरकी, हिरवट, तांबडी. पिसदुरा तुमच्यापासून किती लांब?

धुऱ्यावरचा
पिसदुरा? मोटारसायकलनं वीस मिनिटं. तिथं बाहेरचे लोक दगड बघायला येतात म्हणे.

निवृत्त_मास्तर
दगड नव्हे, हाडं. त्या थरांत डायनासोरची हाडं आणि दगड झालेलं शेण मिळतं. २००५ साली त्या शेणाच्या अभ्यासात गवताच्या पेशींतले सूक्ष्म गारेचे कण सापडले. तोवर समज असा होता की गवत डायनासोर संपल्यावर आलं.

उंटावरचा_शहाणा
६.६ कोटी वर्षं मुरलेलं शेणखत. एकरी किती गाड्या टाकायच्या?

पऱ्हाटीवाली
शहाणे भाऊ, आधी अनुदानाचा फॉर्म निघू द्या.

बोअरवाला_अकोला
मास्तरांचं खरं धरून एक व्यवहाराचं सांगतो. आता सुरुंगावर पैसे घालू नका. विहिरीच्या तळातून एक साधं बोअर खाली मारून पाहा. काळं संपून पांढरं आणि मग रेतीचा पाथर आला तर ठीक. दोन्ही विहिरींच्या तोंडाची उंची मोजा, किती झाकण उरलं त्याचा अंदाज तिथूनच येईल. भूजल खात्याच्या माणसालाही दाखवा.

धुऱ्यावरचा
(अकरा दिवसांनी) मंडळी, खबर. पाण्याच्या नळीनं लेव्हल काढली, वरची विहीर खालच्या विहिरीपेक्षा एकोणसाठ फूट उंचावर. तळातून बोअर मारलं. चौदा फुटांवर काळं संपलं. मग भुकटी पांढुरकी आली, मधात थोडी हिरवट. मशीनवाला म्हणाला, "हे काय माती लागली, बंद करू?" मी म्हटलं चालू ठेव. अजून सव्वीस फुटांनी पिवळी रेती आणि ओल. पाणी चढून रात्रीत बोअरमध्ये नऊ फूट उभं राहिलं. फार नाही, पण हरभऱ्याला दोन पाणी होतील असं बाबा म्हणतात. आई बोलायला लागली आहे.

कोळशाचा_धूर
पिवळी रेती! सांगितलं होतं ना. पांढऱ्या भुकटीचा फोटो टाका.

धुऱ्यावरचा
टाकतो. बाबांनी तेवढ्यात त्यातली दोन घमेली गोठ्यात पसरवली, गुरांच्या पायाखाली चिखल होतो म्हणून.

निवृत्त_मास्तर
अरेरे.

वर्धेची_सून
नाना, ते जातं टाकवून देणारं कोणी आहे का हो हिंगणघाटात? सासूबाई विचारत आहेत.